तळघर आणि देवांची सोय

आमच्या घराला तळघर आहे म्हटलं की लोकांना उगाच काहीतरी गूढ वाटतं. गूढ काही नाही. पालघरकडच्या नवापूरच्या अलीकडे, वाडीच्या उतारावर बांधलेलं घर. पुढून पायऱ्या चढून ओट्यावर जायचं, आणि मागे वाडीच्या पातळीला एक बुटकं दार. त्या दारामागे केळ्यांचे घड धुरावर पिकायला ठेवायचे, नारळ टाकायचे, मोडक्या खुर्च्या टाकायच्या. गेल्या वर्षी माझ्या भावाने तिथे आईला ठेवायचं ठरवलं.

ठेवायचं हा माझा शब्द. त्याचा शब्द ‘शिफ्ट करू’ असा होता.

आईचे गुडघे गेले आहेत, ओट्याच्या पायऱ्या तिला जमत नाहीत, हे खरं. खालून सपाट बाहेर पडता येईल, वाडीत चार पावलं टाकता येतील, हेही खरं. मग वरचं घर बोईसरच्या कारखान्यातल्या लोकांना भाड्याने देता येईल, हे त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं. माझा भाऊ मुद्द्याची गोष्ट नेहमी चपला घालता घालता सांगतो.

‘एवढं वाटतं तर तू ने पालघरला,’ तो मला म्हणाला. आई येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘लेकीकडं चार दिस जायाचं, कायमचं नाय,’ हे ती आम्हाला लहानपणापासून ऐकवत आली आहे.

काम मात्र त्याने झोकात काढलं. भिंतींना लोणा धरला होता तो खरवडला, वॉटरप्रूफिंग केलं, जमिनीत भर घालून टाइल्स बसवल्या, कमोडजवळ धरायला स्टीलचा दांडा लावला. वरच्या घराच्या तुळया आणि फळ्या दिसू नयेत म्हणून खालून पीव्हीसीचं पांढरंशुभ्र छत ठोकलं. ‘नीचे माताजी एकदम आराम से रहेंगी,’ मिस्त्री म्हणाला. भर आणि छत मिळून खोली इतकी बुटकी झाली की भाऊ आत आला की पंखा बंद करूनच उभा राहायचा. पण येणाऱ्याजाणाऱ्याला तो टाइल्स दाखवायचा. भिंतीवर हात फिरवून ‘बघा, कोरडी ठणठणीत’ म्हणायचा. आई वाडीत खुर्ची टाकून बसायची आणि कोणी विचारलं की ‘चांगलं केलंय’ म्हणायची.

अडलं ते देवांपाशी. देव्हारा वरच्या माजघरात. आईने त्या देवांची पूजा लग्न होऊन आली तेव्हापासून केलेली, तापात, सुतकानंतर, वडील गेले त्या वर्षीसुद्धा. घरात भाडेकरू येणार म्हटल्यावर देव तिथे ठेवणं शक्य नव्हतं. आई सहज म्हणाली, ‘माझ्यासंगती खाली आणा.’ एवढं एकच तिने सगळ्या कामात मागितलं.

 भाऊ म्हणाला, ‘खाली कसे आणणार? वर माणसं वावरणार. देवांच्या डोक्यावर पाय?’

शिरगावहून काका आले. ओट्यावर बैठक बसली. देव माणसांच्या पायाखाली चालत नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. इतक्या काळजीने, इतक्या हळुवारपणे बोलत होते सगळे की मला बरं वाटावं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. म्हटलं, ‘आणि आईच्या डोक्यावर?’

काका म्हणाले, ‘तुझं आपलं काहीतरीच.’ आईच मला दटावायला लागली, ‘देवाचं वेगळं असतं गं बाय.’

देव भावाच्या बोईसरच्या फ्लॅटमध्ये गेले. चार मजली बिल्डिंग, त्यातला दुसरा मजला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या वर दोन बिऱ्हाडं राहतात, त्यांचे पाय कुठे पडतात? तो म्हणाला, ‘फ्लॅटमध्ये चालतं. तिथे सगळ्यांचंच तसं असतं.’ माझं डोकं सणकलं होतं, पण आई ऐकेल म्हणून मी आवाज खाली ठेवला.

आमच्याकडे गणपती घरच्या देवांजवळच बसतो. म्हणजे यंदा तो बोईसरला बसला. सगळी भावकी तिकडे गेली, मोदक खाऊन, देव्हाऱ्याला केलेलं लाइटिंग वाखाणून परतली. जुन्या घराकडे यायचं कोणाला कारणच उरलं नाही. आई कुठे राहते हे कोणी पाहिलं नाही. भावाने हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, तेवढा तो पोचलेला नाही. पण आयतं झालं, आणि त्याने ते मुकाट्याने घेतलं.

त्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. पायऱ्या जमत नाहीत म्हणून जिला खाली आणलं, तिचे देव दोन जिने वर. ‘खुर्चीत बसवून उचलून नेऊ,’ असं भाऊ आधी म्हणाला होता. ऐन वेळी उचलायला माणसं नव्हती. पंगतीला होती.

म्हणून बोईसरहून नैवेद्याचा डबा घेऊन मी तळघरात गेले. आई नवं पातळ नेसून, केस विंचरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. भावजयीने व्हिडिओ कॉल लावला. मी फोन धरला आणि आईने पायातल्या सपाता काढून बाजूला सारल्या. आरतीभर तिने हात जोडून ठेवले. वर भाडेकरूंचा पलंग की काय सरकत होता, पीव्हीसीचं छत थरथरत होतं. नव्या टाइल्सना पावसाळ्याचा घाम आला होता.

फोन बंद केला. ‘बरे दिसतात,’ ती देवांबद्दल म्हणाली, जणू ते आजारातून उठले होते. मग छताकडे बघत तिने विचारलं, ‘तिथं त्यांच्या वरती कोन हाय?’

‘कोणी नाही,’ मी म्हणाले. ‘वर गच्ची आहे.’

‘मंग बरं,’ ती म्हणाली आणि नैवेद्याचा डबा जवळ ओढला.