मुख्याध्यापकांचा सोफा

"मागच्या वेळी पालकसभेला गेला होतात ना? काय केलंत? सोफा शिवून आलात!"

"यंदा मीच जातो," बाप म्हणाला.

"आता काय खुर्च्या राहिल्यात?" मेव्हण्याने हसून बहिणीकडे पाहिलं. ती हसली नाही.

बापाने पुन्हा खिळे ओठांत धरले. सोफे-खुर्च्या शिवायचा त्याचा धंदाच तसा. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, म्हणून खिळे ओठांत. पोरवयापासून तोंडात खिळे, शब्द यायचे कुठून? लेकीच्या शाळेची फी मेव्हणा भरायचा, म्हणून पालकसभेलाही तोच मिरवायचा.

एकदाच बाप गेला, कामावरून थेट, खांद्याला हत्यारांची पिशवी. दारातच शिपाई खेकसला, "आलास एकदाचा! सकाळपासून वाट बघतोय," आणि त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन सोडलं. 'मी बाप आहे' एवढंसुद्धा तोंडातून फुटेना. सोफ्याची स्प्रिंग वर आलेली. त्याने मुकाट खिळे तोंडात धरले. भिंतीपलीकडे सभा चालली होती. लेकीचं नाव पुकारलेलं त्याला ऐकू आलं. हातोडी चालूच राहिली.

आज शाळेत तिचे पुढचे विषय ठरणार होते, पालकाच्या सहीने. तिला विज्ञान हवं होतं. मामाला आपल्या दुकानाचे हिशेब बघायला घरचं माणूस हवं होतं, म्हणून वाणिज्य.

"मामा, मला नाही जमणार ते हिशेब."

"आणि फी कोण भरतं गं तुझी?"

"दादा, पोरीला असं बोलू नकोस," आई म्हणाली.

"का? फीपाशीच तर तुमचं घोडं पेंड खातं!"

लेक वळली. "बाबा, तुम्ही तरी बोला ना."

बापाच्या तोंडात खिळे होते. पुढ्यातल्या खुर्चीची पाठ अर्धीच ठोकलेली. त्याने खिळे तळहातावर काढले, डबीत टाकले, सदऱ्याची बटणं लावली. सवयीने पिशवी खांद्याला अडकवली. लेकीने ती अलगद उतरवून घेतली.

"ही राहू दे, बाबा."

मेव्हणा दारात हात आडवा घालून उभा. आता हसत नव्हता. "भावोजी, ऐका. सही तुमची, तर फीसुद्धा तुमचीच. आजपासून. आहे हिंमत?"

आईने पदराचं टोक मुठीत आवळलं.

बापाने तो हात, जुनं कापड चौकटीवरून सोडवावं तसा, हळूच बाजूला केला आणि शाळेच्या वाटेला लागला.