धुळ्याच्या माळावर विमान शिकताना

नोकरीत असेपर्यंत वैमानिक फारसं बोलत नाही. निवृत्त झाला की मात्र त्याला आवरावं लागतं. आमच्या बॅचचे चार-पाच जण वर्षातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, आणि दर वर्षी किस्से वाढलेलेच असतात. नवीन काही घडत नाही, मग हे वाढतात कसे, असं आमच्या बायका विचारतात. मी त्यांना सांगतो, आम्ही खोटं बोलत नाही, फक्त सावकाश आठवतो.

तर हे धुळ्याचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या ट्रेनिंग सेंटरची धावपट्टी दुरुस्तीला काढली आणि आम्हा आठ फ्लाइट कॅडेटना तीन महिन्यांसाठी धुळ्याबाहेरच्या माळावर, एका जुन्या धावपट्टीवर पाठवलं. चार विमानं, काही तंबू, एक लाकडी टॉवर आणि सगळ्यांचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर बक्षी. तेच माझे इन्स्ट्रक्टर. विमान लहानसं, पुढे पंखा, आत शेजारी-शेजारी दोन सीट. डावीकडे शिकणारा, उजवीकडे त्याच्या नावानं खडे फोडणारा.

नियम साधा होता. ठरवून दिलेल्या तासांच्या आत एकट्यानं विमान उडवायचं आणि उतरवायचं. याला सोलो म्हणतात. नाही जमलं तर ट्रंक भरायची आणि घर गाठायचं. माझं घर धरणगावजवळ. बाकीच्यांना अपमान पचवायला दोन दिवसांची रेल्वे तरी होती, मला फक्त दोन तासांची एस.टी. त्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोरगा पायलट झाला असं गावात आधीच सांगून टाकलं होतं.

आणि माझी अडचण अशी, की मला जमीन कुठे आहे ते कळत नसे. उतरताना चाकं टेकायच्या बरंच आधी मी विमान सरळ करायचो. मग ते हवेतच थबकायचं आणि दाणकन खाली आदळायचं. बक्षी सर हिंदीत बोलत, मी मराठीत सांगतो. ते शांतपणे म्हणायचे, "पाटील, हा पहिला मजला झाला. मला तळमजल्यावर जायचंय."

*

सरांचा एक कडक नियम होता. विमानात जो ओकेल, त्यानंच ते धुवायचं. मेकॅनिकनं फडक्याला हातसुद्धा लावायचा नाही.

एका शनिवारी आबा डबा घेऊन आले. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. सर नुसती चव बघायला म्हणून बसले. चौथ्या भाकरीला त्यांनी बेल्ट सैल केला.

दुपारी माझा स्पिनचा धडा होता. स्पिन म्हणजे विमान मुद्दाम गिरक्या खात खाली पाडायचं आणि मग सावरायचं. पहिल्या गिरकीला सर माझ्यावर ओरडले. दुसऱ्या गिरकीला कमी ओरडले. तिसरीनंतर एकदम गप्प झाले. सर गप्प होणं ही आमच्याकडे चांगली खूण समजत, त्यामुळे मी खूश होऊन न सांगता चौथीही करून दाखवली.

संध्याकाळी बाही वर करून, हातात फडकं घेऊन सर कॉकपिटमध्ये ओणवे झालेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. मेकॅनिक अवघडून जवळ गेला. म्हणाला, "सर, मी करतो ना."

"नियम कोणी केलाय?"

"आपणच, सर."

"मग बाजूला हो."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता काढणार राग. ते म्हणाले, "पाटील, तुझे वडील उद्या येतायत का?"

*

धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची आणि येऊन उतरायचं, हा रोजचा सराव. कुठे वळायचं ते लक्षात राहावं म्हणून प्रत्येकानं जमिनीवर एक खूण ठरवायची. केरळच्या कुरियननं पाण्याची टाकी घेतली. कोणी देऊळ घेतलं, कोणी रस्त्याचं वळण. मी कापूस पिकवणाऱ्या घरातला. मला वरून एकच गोष्ट डोळ्यांत भरली. एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापसाचा ढीग होता, पांढराशुभ्र, टेकडीएवढा. त्यावर वळायचं, ठरलं.

चार दिवस माझ्या फेऱ्या इतक्या सुरेख झाल्या, की सरांनी माझ्या सरावाच्या डायरीत काहीच लिहिलं नाही. पाचव्या दिवशी मी सरळ निघालो आणि सरळच जात राहिलो. सरही मुद्दाम बोलेनात. त्यांना बघायचं होतं, हा कुठवर जातो. खाली नरडाण्याचं स्टेशन दिसायला लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आपण इंदूरला उतरणार आहोत का?"

"नाही सर. ढीग अजून आला नाही."

"कसला ढीग?"

मी सांगितलं. सरांनी विमान स्वतःच्या हातात घेऊन मागे वळवलं. जिनिंगवरून जाताना खाली मोकळं आवार दिसलं. आदल्या दिवशी कापसाच्या गाठी बांधून ट्रकनं रवाना झाल्या होत्या. सर म्हणाले, "पाटील, खूण अशी निवड, जी कोणी विकत घेणार नाही."

*

मग आला फोर्स्ड लँडिंगचा धडा. उडता उडता सर अचानक थ्रॉटल मागे ओढायचे आणि म्हणायचे, "इंजिन बंद पडलं. कोणत्या शेतात उतरणार?" झटपट एक लांब, सपाट शेत दाखवायचं. खरोखर उतरायचं नसतं, जवळ जाऊन परत वर यायचं असतं.

माझ्या समोरच असं एक शेत होतं. आंधळ्यालाही उतरता आलं असतं. मी मात्र त्याच्या पलीकडचा दगडधोंड्यांचा पडीक तुकडा दाखवला.

"आणि हे समोरचं?"

"सर, त्यात हरभरा आहे. घाटे भरलेत."

"बरं. मग त्याच्या डावीकडचं?"

"त्याला कालच पाणी दिलेलं दिसतंय. शिवाय मालक भांडकुदळ असणार. बांधभर काटे लावून ठेवलेत."

तेवढ्यात माझ्या पडीक तुकड्याच्या मधोमध एक नाला दिसायला लागला. सरांनी थ्रॉटल पुढे केला आणि आम्ही वर आलो. त्या दिवशीच्या डायरीतलं वाक्य मला पाठ आहे: 'कॅडेटला शेतीची उत्तम जाण आहे. उतरण्यासाठी तिचा उपयोग नाही.'

*

धावपट्टीचा राखणदार म्हणजे नाना. शेजारच्याच गावचा, साठीचा माणूस. विमान निघायच्या आधी शिट्टी वाजवून शेळ्या हाकलायच्या, हे त्याचं काम.

मार्च महिना आला. गावात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, मळून पडली होती, आणि वारा पार पडला होता. उफणणी कशी करणार? रोज सकाळी आमचा मेकॅनिक एक विमान जागेवर उभं करून इंजिन तपासायचा. त्या पंख्याचा वारा मागच्या तारेच्या कुंपणापलीकडे थेट जात असे. ही गोष्ट आम्हा शिकाऊंच्या कधी लक्षात आली नव्हती. गावातल्या बायकांच्या बरोबर लक्षात आली.

एक दिवस मेकॅनिकनं मागे पाहिलं तर कुंपणापलीकडे पंधरा-वीस बायका सुपं उंच धरून ओळीनं उभ्या. भुसा उडतोय, खाली दाण्याची रास पडतेय. त्यानं घाबरून इंजिन बंद केलं. तर पुढची अक्का कुंपणाशी येऊन म्हणाली, "भाऊ, आते कसाले बंद करं? निम्मी दादर बाकी शे."

प्रकरण बक्षी सरांपर्यंत गेलं. त्यांनी नानाला बोलावून झापलं. नानानं सगळं ऐकून घेतलं आणि अदबीनं विचारलं, की उद्या किती वाजता चालू करणार ते कळलं असतं तर बायांना ताटकळावं लागलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून इंजिनची तपासणी बरोबर सातला व्हायला लागली, आणि पूर्वीपेक्षा दहा मिनिटं जास्त चालायला लागली.

*

महिना संपत आला. एकेक जण सोलो करत गेला. शेवटी कुरियन आणि मी उरलो, आणि सोमवारी कुरियनही सुटला. माझ्या खात्यात एक तास उरला होता. रात्री मी गुपचूप ट्रंक आवरून ठेवली, सकाळी घाई नको म्हणून.

आणि नेमके त्या सकाळी आबा आले. डब्याबिब्याविना, सहज. नानानं त्यांना टॉवरखाली उभं केलं आणि जमिनीवरची पिवळी रेघ दाखवली. हिच्या पुढे बाहेरच्या माणसानं पाऊल टाकायचं नाही. टॉवरला बाहेरून एक कर्णा होता, रेडिओवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू यायचं.

सरांना घेऊन मी तीन वेळा उतरलो. दोनदा पहिला मजला. तिसऱ्यांदा जरा बरं. सरांनी थांबायला सांगितलं, पट्टे सोडले आणि खाली उतरले. म्हणाले, "एक फेरी. मला मोडकं विमान आवडत नाही." आणि मागे न बघता टॉवरकडे चालायला लागले.

पुढचं मला आठवत नाही, इतरांनी सांगितलं ते सांगतो. रेडिओचं बटण विमान वळवायच्या दांडीवर असतं. मी भीतीनं दांडी इतकी आवळून धरली होती, की बटण दाबलेलंच राहिलं. मी जे बोललो ते सगळं कर्ण्यावर ऐकू येत होतं, आणि सरांचं एक अक्षर माझ्यापर्यंत पोचत नव्हतं.

आधी नुसता श्वास. मग अहिराणी.

"चाल राज्या, चाल." वळणावर, "हयू. हयू. कोठे पयस? बांध शे तठे."

राज्या आमचा डाव्या बाजूला जुंपायचा बैल. हयू म्हणजे हळू, पयस म्हणजे पळतोस.

सरांनी टॉवरवरून खाली नानाला विचारलं, हा काय बोलतोय? नाना म्हणाला, "साब, औत हाक रहा है." सरांनी माईक खाली ठेवला आणि कठड्याला धरून उभे राहिले. विमान धावपट्टीवर आलं. कर्ण्यातून आवाज येत होता, "थांब. थांब रे. घाई करू नको. आखो थांब." मग अगदी हळू, "हां. बठ आते."

चाकं टेकल्याचं कोणाला कळलंसुद्धा नाही.

पुढे मी पुष्कळ विमानं उडवली, पण तो आनंद परत झाला नाही. सोलो करून आलेल्यावर बादल्यांनी पाणी ओतायची आमच्याकडे रीत आहे. सातही जणांनी मला धुऊन काढलं. एक बादली भरलेली उरली.

आबा अजून रेघेच्या अलीकडेच उभे होते. मी भिजलेला तसाच त्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग विमानाकडे पाहिलं.

"तुनावर बठ्ठासनी पाणी टाकं," ते सगळ्या पोरांकडे हात करून म्हणाले. "त्याले कोणी पाजं?"

त्यांनी उरलेली बादली उचलली, पिवळी रेघ ओलांडली आणि सरळ विमानाकडे गेले. नानानं शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवली नाही. आबांनी बादली विमानाच्या नाकापुढे ठेवली, पंख्याखाली दोनदा थोपटलं आणि शांतपणे परत आले.

मेकॅनिक धावत बादली हलवायला गेला. बक्षी सरांनी त्याला हातानं थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "अजून प्यायचंय त्याला."