मामांचा लोळणारा झेंडू

माझ्या मामेसासऱ्यांच्या हातचं खाऊन आजवर कोणीही स्वतःच्या पायांवर उभं राहिलेलं नाही. त्यात जावई आले, मांजर आलं आणि दिवेआगरच्या वाडीतला त्यांचा झेंडूही आला. मामा एसटीचे निवृत्त कंडक्टर. भरलेल्या गाडीत आणखी वीस माणसं कोंबायची सवय त्यांनी निवृत्तीनंतर ताटाला लावली. पहिल्याच भेटीत त्यांनी मला इतके घावने वाढले, की म्हसळ्यापर्यंत मी मागच्या सीटवर आडवा होतो आणि गाडी वळेल तिकडे घरंगळत होतो. मांजराची तर अशी अवस्था, की उंदीर जाता-येता त्याच्या तब्येतीची चौकशी करत.

दसऱ्याला दाराला आपल्याच अंगणातलं तोरण लागावं, ही मामांची आयुष्यातली एकमेव महत्त्वाकांक्षा. त्यापायी ते झेंडूला सुक्या मासळीचं खत, शेण, गूळपाणी, सगळं पंक्तीत वाढल्यासारखं आग्रहानं वाढत. ऊन लागू नये म्हणून रोपं पोफळींच्या सावलीत. भर पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात झारी घेऊन पाणी घालताना मी त्यांना स्वतः पाहिलंय. विचारलं तर म्हणाले, "पावसाचं पानी वरवरचं. त्यानं पोट न्हाय भरत."

झाडं माडाशी स्पर्धा करत वाढायची आणि दसरा तोंडावर आला की सामुदायिक साष्टांग नमस्कार घालायची. मग मोडक्या छत्र्यांच्या काड्या, तुटकं वल्हं, जुना क्रिकेटचा स्टंप, जे हाती लागेल त्याचा टेकू. एका वर्षी त्यांनी मलाच टेकू केलं. "जावई, ही दोन धरा, सुतळी आनतो," म्हणून गेले ते शेजारी चहाला बसले. मी संध्याकाळपर्यंत दोन झाडांच्या गळ्यात हात घालून उभा. शेवटी बाजारातलं तोरण आणायचंच. फुलवाला ते न विचारताच बाजूला काढून ठेवायचा, आणि हे मामांना फार लागायचं.

मामींचं निदान ठरलेलं होतं. "चारून चारून नुसती उंच केलीत, कमरेत जोर कुठनं येनार? उन्हात लावा, उपाशी ठेवा, वीतभर झाली की शेंडे खुडा." त्यावर मामांचं उत्तरही ठरलेलं. "तू आपल्या पोरांचे शेंडे खुडलेस काय?"

यंदा मात्र ऐन लावणीच्या दिवसांत मामांचा गुडघा बदलला आणि ते पनवेलला लेकीकडे अडकून पडले. रोज फोन. झाडं जेवली का? मामी बिनदिक्कत 'जेवली' सांगत. प्रत्यक्षात त्यांनी रोपं विहिरीपाशी उघड्या, रेताड जागेत लावली, शेंडे खुडले आणि पुढे पाहिलंसुद्धा नाही.

नवरात्रात मामांना मीच गाडीतून घेऊन आलो. गुडघाभर उंचीची, चहूकडून फुटलेली, फुलांनी गच्च झाडं खाऱ्या वाऱ्यात ताठ उभी होती. मला वाटलं, आता नवा गुडघा विसरून नाचतात. पण ते काठी टेकत सगळ्या झाडांभोवती फिरले. एकाला काठीनं हळूच ढोसलं. ते डुललं आणि परत सरळ झालं. मामा पायरीवर बसले.

"येकालाबी टेकू लागला न्हाय?"

"न्हाय," मामी म्हणाल्या.

"मंग मी येवढी वर्सं काय करत होतो?"

मामींची जीभ म्हणजे विळ्याचं पातं. आजवर कुणाचं उत्तर उधार ठेवलेलं नाही. पण त्या दिवशी त्या नुसतं 'चहा टाकते' म्हणाल्या आणि आत गेल्या. दसऱ्याला तोरण इतकं लांब झालं, की दार, विहीर, माझी गाडी आणि मांजर, सगळ्यांना पुरलं. मामांनी फक्त सुतळी धरली.

दिवाळीला गेलो तर न्हाणीमागे पोफळीच्या सावलीत सुक्या मासळीचा ओळखीचा वास आला. तिथे लावणीतून उरलेल्या रोपाचा एकच झेंडू, उंच, लुकडा, साफ आडवा व्हायला निघालेला, मामांच्या काठीला सुतळीनं बांधलेला. मामा भिंतीला धरून शेजारी उभे होते.

"काठीशिवाय पडाल ना," मी म्हणालो.

"त्याला जास्त गरज हाय."

मागून मामी आल्या. आता कंबख्ती, असं समजून मी बाजूला सरकलो. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि हातातला पाण्याचा भरलेला तांब्या त्यांच्यापुढे केला.

"घ्या," म्हणाल्या, "पाजा त्याला."