बसून केलेले कीर्तन

नागपूरच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकून पाच मिनिटे झाली नसतील, तोच माझे पहिले भांडण झाले. पेटी काखेत धरून मी टांग्याजवळ आलो, तर टांगेवाला मला घ्यायला आलेल्या शांतवनकडे बोट दाखवून बोचक्याबद्दल विचारावे तसे विचारत होता, “अन् हे कुठं ठेवू?” त्याचे मी एक वेळ समजू शकतो. पण आमच्या दौऱ्याचे प्रमुख, तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक रत्नाकर मास्तर, पानाची पिचकारी टाकून म्हणाले, “ठेव खाली, ट्रंकांपाशी.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शांतवनला दोन्ही बगलांत हात घालून उचलले, मास्तरांशेजारी गादीवर बसवले आणि स्वतः ट्रंकांत बसलो. शहरभर माझे गुडघे हनुवटीला लागत होते. वरून शांतवन हसत होता, “काय गा पेटीवाले, आल्या आल्या सुरू झाले काय?”

तुम्हा नगरकरांना शांतवन ठाऊक नाही, म्हणून सांगतो. नागपुरातल्या एका विणकराच्या घरात तो जन्मला. पाचव्या वर्षी ताप आला आणि दोन्ही पाय सुकले ते सुकलेच. चार लाकडी चाके लावलेल्या फळीवर तो बसतो आणि हातांत ठोकळे धरून, जमीन मागे रेटत पुढे जातो. गाणे म्हणाल तर तीन वर्षांपूर्वी एका संमेलनात त्याचा आवाज ऐकला आणि मी पेटी वाजवायचे विसरलो, हे माझ्या तोंडून कबूल करतो. तेव्हापासून आमची पत्रांची मैत्री. गेल्या वर्षी त्याने एक आख्यान रचले. एक एक पद पोस्टाने मला पाठवायचा, मी घरी पेटीवर चाल बसवून कळवायचो. आता ते आख्यान घेऊन आम्ही पंधरा दिवस खेड्यापाड्यांतून कीर्तने करणार होतो.

दुसऱ्या दिवशी गांधीबागेत कापड घ्यायला गेलो. तिथली गर्दी विचारू नका. गठ्ठे, हातगाड्या, हमाल, आणि त्या सगळ्यांच्या गुडघ्यांमधून शांतवनची फळी सुरकन वाट काढते आहे. मास्तरांसाठी उपरणे निवडून झाल्यावर शांतवनने जरीकाठाचे दुसरे एक उचलले आणि माझ्या कानाशी म्हणाला, “हे माह्यासाठी. या खेपेले आख्यान मी सांगीन.”

मास्तरांनी ते ऐकले. “कीर्तन उभ्यानेच करायचे असते, शांतवन,” ते म्हणाले. “बसून होते ते भजन. तू मागे बसून पदे म्हण. सांगायचे काम माझे.”

“पण मास्तर, आख्यान माह्यं हाय.”

“रीत आहे. आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेली.”

वाडवडिलांचे देव सोडले, सण सोडले, नावेसुद्धा बदलली. ही एवढी उभे राहण्याची रीत मात्र मास्तरांनी पदराला गाठ मारून आणली होती. मी तोंड उघडणार, तोच शांतवनने माझे धोतर ओढले. उपरणे त्याने घेतले, घडी घालून फळीखाली ठेवले.

सावनेरला छोटी गाडी जाते. रमतगमत जाते, वाटेत मनात आले की थांबते. जानेवारीचे कोवळे ऊन, दोन्ही बाजूंना काळी वावरे (शेते), कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग. डब्यातल्या एका म्हातारीने आम्हाला संत्री दिली. शांतवनने सोलून पहिली फोड मास्तरांना दिली, यावरही मला राग आला. मला त्या प्रवासात राग यायचे काही बाकी राहिले नव्हते.

सावनेरला एका भाविकाच्या अंगणात संध्याकाळी पहिले कीर्तन झाले. आधी गोळाभात खाल्ला (डाळीचे गोळे घातलेला भात, वरून हिंगाच्या फोडणीचे तेल ओततात), तो मात्र असा की भांडायचेही विसरावे. मग मास्तर उपरणे टाकून उभे राहिले. आख्यान होते शुभवर्तमानातल्या त्या तळ्याकाठच्या पांगळ्याचे. पाणी हलले की जो पहिला उतरेल तो बरा होई, आणि हा अडतीस वर्षे तिथे पडून, कारण याला पाण्यात सोडणारे कोणी नाही. मास्तरांनी तळ्याचे वर्णन गाळले, माणसाचे म्हणणे गाळले आणि धावत जाऊन चमत्कार गाठला. मागून शांतवन पद म्हणे तेव्हा अंगण स्तब्ध होई. मास्तर बोलू लागले की बाया लेकरांना शेंगा सोलून द्यायला लागत.

एवढ्यावर भागले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण शेवटी मास्तर वळले, शांतवनकडे हात केला आणि गहिवरून म्हणाले, “बघा याच्याकडे! पाय धड असून तुम्ही कुरकुरता!” लोक रडू लागले. एक बाई पुढे येऊन त्याच्या सुकलेल्या पायांवरून हात फिरवून गेली, तिच्यामागून दुसरी. शांतवन समोर बघत बसून होता. मी पेटीचा भाता धाडकन बंद केला.

त्यानंतर ओसरीवर माझे आणि मास्तरांचे जुंपले. मी म्हणालो, “तुम्ही त्याचे आख्यान घेता, त्याचा गळा घेता आणि वर त्याचे पाय लोकांना दाखवता.” ते म्हणाले, “तो उभा राहू शकला तर माझी काहीच हरकत नाही. उद्या उभा राहू दे, कीर्तन त्याचे.”

“ठरले?”

“ठरले.”

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐका. सकाळी उठून मी एक सुतार गाठला. सागवानी पाट, त्यावर छातीइतका उंच खांब, काखेखाली आडवी पट्टी, कमरेला बांधायला जागा, असे त्याच्याकडून दुपारपर्यंत करवून घेतले. सुतार काम करता करता म्हणाला, “ज्याच्यासाठी हाय त्यालेच घेऊन या ना, माप तरी घेतो.” मी म्हणालो, माप मला माहीत आहे. मला शांतवनला चकित करायचे होते. त्याच्यासमोर तो खांब उभा केला तेव्हा मी लग्नाचा मुलगा दाखवावा इतका फुशारलो होतो. त्याने खांबावरून हात फिरवला. मग म्हणाला, “तू एवढा खपला. बरं, पाहू.”

त्या दिवशी कळमेश्वरच्या वाटेवर जवळच्याच एका वाडीवर तिसऱ्या प्रहरी कीर्तन होते. बंडीत खांब आडवा टाकला, शेजारी आम्ही. रस्ताभर तो माझ्याशी फारसा बोलला नाही, आणि मी समजलो की आख्यान मनात घोळवतो आहे. चिंचेखाली मंडळी जमली. आमचे थोडे, बाकी सगळे शेजारपाजारचे शेतकरी आणि विणकर, गाणे ऐकायला आलेले. मी शांतवनला उचलून पाटावर धरले, धोतराच्या पट्ट्यांनी छातीशी, कमरेशी आणि मांड्यांशी बांधले, खांद्यावर ते जरीकाठी उपरणे टाकले. मास्तर टाळ घेऊन मागे बसले. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिले आणि सूर धरला.

पहिली ओळ आली ती कशीबशी. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. शांतवनचा सूर पोटातून येतो, मांडीवर दाबून धरलेल्या हातांच्या बळावर येतो. आणि मी त्याची छाती धोतराने आवळून टाकली होती. पाय पट्ट्यांखाली लोंबत होते. कपाळावर घाम. समोर कोणीतरी ‘अरेरे’ म्हणाले.

“सोड मले,” तो म्हणाला.

“जरा थांब, गाठ सैल करतो…”

“सोड म्हणतो ना!” सगळ्या वाडीसमोर तो माझ्यावर ओरडला. मी गाठी सोडल्या, त्याला खाली घेतले. तो माझ्या खांद्यावर होता, तोंड माझ्या कानाशी. “मास्तरले मी उभा पाह्यजे, ते मले मालूम होतं. तुलेही उभाच पाह्यजे काय गा? तू मले विचारलं काहून नाई?”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे केले होते मी. भांडायचे होते रीतीशी, आणि मी रीतीला बसेल असा माणूस सुताराकडून घडवून आणला. मास्तरांनी निदान त्याला बांधले तरी नव्हते.

मास्तर उपरणे सावरत उठले. तेवढ्यात शांतवनने फळी रेटली आणि तो अगदी पुढे, लोकांच्या तोंडाशी जाऊन थांबला. हात मांड्यांवर दाबले. “मास्तर, बसा,” तो मागे न बघता म्हणाला. “मी सांगून राहिलो.”

मागून एक विणकर ओरडला, “मांगच्याले दिसत नाई, बापा!”

“मंग पुढं या,” शांतवन म्हणाला.

आणि लोक आले. बाया लेकरे घेऊन सरकल्या, झाडाला टेकून उभे असलेले गडी आले, आणि पुढच्यांच्या आड येऊ नये म्हणून खाली बसले. असा त्याच्याभोवती दाट वेढा पडला. त्याने तळे सांगितले, पायऱ्या सांगितल्या, पाण्याचा वास सांगितला. कोण कोण त्या माणसाला ओलांडून पाण्यात गेले ते एकेक करून सांगितले: धावत जाणारा, हळहळत जाणारा, ‘पुढच्या खेपेला तुला नेतो’ म्हणून जाणारा. हात चालत होते, मान चालत होती, पायांची आठवणसुद्धा कोणाला राहिली नव्हती. मग तो थांबला.

“अडतीस वर्सं,” तो म्हणाला. “रोज लोक त्याच्या अंगावरून गेले. दया सगळ्याइले आली. राग एकालेही नाई आला?”

पुढे बसलेली एक म्हातारी लुगड्याचा पदर तोंडाशी धरून म्हणाली, “नाई आला, लेका.”

मग त्याने शेवटचे पद घेतले. मी सूर दिला. डोळ्यांना काही दिसत नव्हते, पेटीच्या पट्ट्या सवयीने सापडत होत्या. उरलेल्या तेरा दिवसांत सगळी कीर्तने त्यानेच केली. मास्तरांनी टाळ धरले, आणि चांगले धरले, एवढे त्यांच्या बाजूने सांगतो. तो खांब मी त्या वाडीतल्या एका घरी वेल चढवायला देऊन टाकला.

नागपूरला परतल्यावर रविवारी मंडळीपुढे दौऱ्याचा वृत्तान्त वाचला गेला. त्यात होते: ‘रत्नाकर मास्तरांची कीर्तने झाली. बंधू शांतवन यांनी भजने म्हटली.’ मी जागचा उठलो. हे खोटे आहे, म्हणालो. पंचांतले एक वडीलधारे गोड आवाजात म्हणाले, “खोटं कायले? बसून झालं ते भजन. रीत हाय.” मास्तर खाली पाहत होते. मी आणखी बरेच बोललो. पाहुण्याने बोलू नये असे बोललो. बाहेर आल्यावर शांतवनचा चेहरा मी नीट पाहिला. तो माझ्याहून जास्त संतापला होता, फक्त त्याला त्याची सवय होती.

“तू तुह्या गावाले लिह्य,” तो म्हणाला. “कीर्तन केलं म्हणून लिह्य. अन् बसून केलं हेही लिह्य, ते लपवू नको.”

म्हणून हे लिहिले. पण नागपूरकरांना शिव्या देऊन मी सुटणार नाही. गाडीत बसल्यावर मला आठवले की आपल्या नगरच्या मंडळीतही हीच रीत आहे. वयाने थकलेल्या एका बुवांनी खुर्ची मागितली तेव्हा आपण पंचांनी त्यांना मागे भजनाला बसवले, आणि त्या बैठकीत पहिला हात माझा वर होता. ते बुवा आता नाहीत. त्यांची क्षमा मागायला मला जागा उरलेली नाही, आणि या गोष्टीचा मला मास्तरांच्या वागण्यापेक्षाही अधिक संताप येतो.

उन्हाळ्यात शांतवन नगरला येणार आहे. मी त्याला विचारले आहे आणि तो हो म्हणाला आहे. इतर पंचांची परवानगी मी मागितलेली नाही, मागणारही नाही. ज्यांना कीर्तनकार उभाच पाहिजे त्यांनी त्या संध्याकाळी घरी राहावे. बाकीच्यांनी लवकर यावे आणि पुढे बसावे. मागून तो दिसत नाही.