बर्फ तुटली

आमची लेक लीड्सला जन्मली, तिथेच वाढली, आणि मराठीतल्या तो-ती-तेशी तिचं कधी जमलं नाही. ‘माझी दात दुखते’, ‘तो बस गेला’ असलं काहीबाही. बायको तिथल्या तिथे दुरुस्त करायची. गेल्या काही वर्षांत बायकोचं एकेक विसरणं सुरू झालं. किल्ल्या, शेजारी, सख्खी बहीण. पण लेक फोनवर चुकली रे चुकली, की हिचं ‘दात तो असतो गं’ ठरलेलं. मी हाडांचा डॉक्टर, मेंदूतलं मला फारसं कळत नाही. जोवर ही चुका काढतेय तोवर ही आपल्यात आहे, एवढंच मी धरून बसलो होतो.

परवा आम्ही दोघं एडिनबराला लेकीकडे गेलो. समुद्राचा बर्फ दाबाखाली कसा फुटतो, हे बघायचा तिला पगार मिळतो. लॅबमध्ये काचेपलीकडे खाऱ्या बर्फाचा ठोकळा यंत्रात ठेवला होता. झटकन दाबला तर काडकन फुटला. दुसरा तिने अगदी सावकाश दाबत नेला. तो पांढुरका झाला, कडांनी फुगला, पण फुटला नाही. मला उगाच बरं वाटलं.

"म्हणजे हळूहळू दाबलं तर टिकतो?"

"तसं नाही, बाबा. आत सगळीकडे टायनी क्रॅक्स पडतात. जस्ट आवाज येत नाही. इट्स ऑलरेडी गॉन, रिअली."

विचारलं मीच होतं, तरी तिचा राग आला.

जेवताना ती आईला म्हणाली, "आई, आज माझी बर्फ तुटली."

मी घास हातातच ठेवून वाट बघत राहिलो. बायको वरणभात चिवडत होती. लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "बर्फ तुटली, आई." आता ती मुद्दाम चुकत होती. आई चूक काढेल म्हणून मीही थांबलोय, हे तिला ठाऊक होतं तर.

बायकोने मान वर केली. परक्याच्या घरी जेवायला आल्यासारखी ती अदबीने हसली.

"अगंबाई," ती लेकीला म्हणाली, "तुमची बर्फ तुटली का?"