करुणाचे आमेन

प्रभूवर माझा विश्वास होता, पण त्याच्या कामाची व्यवस्था आपल्या हाती असलेली बरी, असे मला मनातून नेहमी वाटे. हा माझा जुना दोष. तीस-बत्तीस सालच्या सुमारास नाशकात प्लेग आला, तेव्हा त्या दोषाची मला पुरती ओळख पटली.

आमच्या ख्रिस्ती वस्तीतल्या मोठ्या मुलामुलींचा वर्ग मी दर रविवारी उपासनेनंतर घेत असे. शास्त्रपाठ, गाणे आणि माझे रागावणे, असा तो वर्ग. नाताळच्या गीतांची तयारी चालली असताना मी करुणा नावाच्या मुलीला सगळ्यांदेखत म्हटले, "तू नुसते ओठ हलव. शेवटी आमेन तेवढं म्हण." पोर पंधरा वर्षांची. वडील नाहीत, आई दवाखान्यात नर्स. सुराशी जन्माचे वाकडे, पण गायची हौस दांडगी. माझे ऐकून ती हसली आणि खरोखरच ओठ हलवत राहिली. ते हसणे कसले होते, हे पाहायला मला तेव्हा सवड नव्हती.

नाताळ उलटला आणि वस्तीत उंदीर मरून पडू लागले. लोकांनी घरे सोडली आणि पेरूच्या बागांच्या कडेने, नासर्डी ओढ्याच्या बाजूला झोपड्या घातल्या. शाळा बंद, उपासना बंद. कुणी कुणाच्या झोपडीत जायचे नाही, असे आमच्या मंदिराच्या पाळकसाहेबांनी निक्षून सांगितले. वर्गातली बरीचशी मुले परगावी नातेवाइकांकडे गेली. मागे तिघे राहिले. माझ्या झोपडीपासून दोन शेते सोडून दानिएल, त्याच्यापुढे तेवढ्याच अंतरावर योहान आणि अगदी टोकाला ओढ्याकाठी करुणा. आई प्लेगच्या दवाखान्यात दिवस-दिवस अडकलेली, त्यामुळे ती बहुधा एकटीच असे.

मुले हातची जाऊ नयेत म्हणून मी एक युक्ती काढली. दिवेलागणीला मी दारात उभी राहून गीताचे पहिले कडवे म्हणायचे. ते ऐकून दानिएलने दुसरे, ते ऐकून योहानने तिसरे, आणि शेवटी करुणाने आमेन. मग तेच आमेन योहानने उचलून दानिएलला आणि दानिएलने मला पोचवायचे. आमेन परत आले की तिघेही सुखरूप. करुणाच्या वाट्याला आमेनच का, हे सांगायला नको. ते माझ्यापर्यंत अगदी सुरात येई, कारण दोघे गुणी गवई वाटेत ते दुरुस्त करून पाठवत. माझ्या युक्तीवर मी फार खूश होते.

मग आमच्या शेजारच्या झोपडीत एकाला गाठ आली. मला दहा दिवस जागचे हलायचे नाही असा हुकूम झाला. आणि नेमके दुसऱ्याच संध्याकाळी आमेन आले नाही. दानिएल ओरडून म्हणाला, "बाई, योहान उत्तर देत नाही!" त्याच्या पुढचे काही कळायला मार्ग नव्हता. दानिएलला वडिलांनी घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. पाळकसाहेबांना निरोप धाडावा तर आमच्या झोपडीकडे कुणी फिरकत नव्हते. पुढची संध्याकाळही तशीच गेली. योहानचे तर त्याचे आईबाप बघतील. पण करुणा? ती तापाने फणफणली तर तिला घोटभर पाणी कोण देणार? माझ्या डोळ्यांसमोर सारखे तिचे ते हलणारे ओठ येत होते. ज्या पोरीला मी गप्प केले, तिच्या एका शब्दासाठी आता माझा जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला बसले, पण मागायला शब्द सुचेनात. एवढेच म्हणाले, "प्रभू, आता माझ्याच्यानं होत नाही. पोर तुझी आहे, तूच सांभाळ." दिवेलागणीला दारात गेले आणि पहिले कडवे म्हटले. माझाच आवाज फाटला होता. दानिएलने दुसरे म्हटले. मग सगळे शांत झाले. मी आत वळणार, तोच लांबून दानिएलच्या डोक्यावरून एक पुरुषी, खरखरीत आवाज आला. गल्लीत माल विकणारे ओरडतात तसा, लांबवलेला. "आमेऽऽन!"

आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. पण चाल? जिथे उतरायचे तिथे चढलेली आणि शेवटी भलतीकडेच गेलेली. अशी चाल सबंध नाशकात एकाच गळ्याची होती. मी तिथेच धुळीत बसले आणि रडता रडता हसू लागले.

दहा दिवस संपताच मी तिकडे गेले. योहानची झोपडी रिकामी होती. मेलेला उंदीर सापडला म्हणून ती मंडळी तडकाफडकी येवल्याला निघून गेली होती. जवळच्या चिंचेखाली एक म्हातारा मणियार आणि त्याची बायको नव्याने येऊन राहिली होती. प्लेगात बांगड्या कोण भरणार? मी आभार मानू लागले, तर त्याला संकोच वाटला.

"बाई, ती पोरगी रोज दिवा लावायच्या वक्ताला आवाज द्यायची अन् कुनी घ्यायचं नाय," तो म्हणाला. "दोन रोज ऐकलं. मंग म्हटलं, आपला गळा गल्लीगल्लीत ओरडून तयार झालेला, तो कधी कामी यायचा? तिनं जसा दिला तसा पुढं दिला. गाण्यातलं आपल्याला काय कळत नाय." त्याची बायको करुणाला रोज भाकरी आणि पाणी नेऊन देत होती, हे त्याने सांगितलेच नाही. ते मला करुणाकडून कळले.

करुणा वाळली होती, पण ठणठणीत होती. तिला जवळ घेतले, तिची माफी मागितली. मग मनात घोळत होते ते विचारले, "अगं, गीत तर तुझ्यापर्यंत येतच नव्हतं. मग आमेन कशाला म्हणत होतीस?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. "तुम्ही तिकडं गात असणारच की, बाई," ती म्हणाली.

मुलांना धरून ठेवायची माझी युक्ती एका संध्याकाळीच तुटली होती. मुले माझ्या हातात कधी नव्हतीच. ज्याच्या हातात होती, त्याने एका परक्या गळ्यातून मला तेवढे कळवले. त्याचे उपकार मी कसे फेडू? गीत ऐकू येत नाही तेव्हाही आमेन म्हणावे, हे मी त्या पोरीकडून शिकते आहे. अजून नीट जमत नाही.

पुनरुत्थानाच्या सणाला मंदिर पुन्हा उघडले. करुणा पहिल्या ओळीत उभी राहून सगळी कडवी मोकळ्या गळ्याने गायली. पाळकसाहेबांनी दचकून माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली आणि तिच्या सुरात सूर मिळवायचा प्रयत्न करू लागले.