लेव्हल थ्री

“लेव्हल थ्री! डायरेक्टर, लेव्हल थ्री!” वॉकीटॉकीवर सतीश ओरडत होता आणि तंबूत बसलेले आम्ही हसत होतो.

हँग ग्लायडिंगच्या स्पर्धा चालवणं हे माझं काम. हँग ग्लायडर म्हणजे नळ्यांवर ताणलेला कापडी पंख. खाली माणूस पालथा लटकतो. इंजिन नसतं. उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर तो तरंगत राहतो आणि आम्ही आखून दिलेल्या मार्गाने शर्यत लावतो. त्या मार्गाला म्हणतात टास्क. हवा बिघडली तर टास्क थांबवायचा अधिकार फक्त डायरेक्टरला, म्हणजे मला.

पण मी जमिनीवर आणि पायलट आकाशात. म्हणून ते रेडिओवरून हवेची लेव्हल सांगतात. वन म्हणजे ठीक. टू म्हणजे सांभाळून. थ्री म्हणजे धोका, थांबवा. कागदावर पद्धत चोख आहे. पण टास्क थांबला की त्या क्षणी जो जिथे असेल तिथवरचेच गुण मिळतात. त्यामुळे पुढे असलेल्याला हवा नेहमी छान वाटते आणि मागे पडलेल्याला वाईट.

सतीश निपाणीचा. पायलट बरा, पण मागे पडला की हमखास थ्री. दोनच दिवसांपूर्वी त्याच्या शब्दावर मी टास्क थांबवला होता. अर्ध्या तासात आकाश लख्ख झालं आणि पुढे असलेल्या पायलटांनी माझी सालटी काढली.

त्यात आयोजक मूर्ती सकाळपासून मागे लागलेले. वाऱ्यामुळे तीन दिवस वाया गेले होते. आणखी एक गेला तर विजेता जाहीर करता येणार नव्हता. “सर, आज कुछ भी करके टास्क पूरा करो,” ते म्हणाले. “सरी,” मी म्हटलं. बनशंकरीत जन्म गेला, होकार कन्नडमध्येच येतो.

चिक्कबळ्ळापूरच्या पुढे आमची धावपट्टी होती; तिथून छोट्या विमानाने ग्लायडर ओढून वर सोडायचे. तरी सतीश ओरडल्यावर मी तंबूबाहेर येऊन पाहिलं. ईशान्येला एक ढग चढत होता. बुडाला काळा, पण लांब वाटला. मी सर्वांत पुढे असलेल्या जयदीपला विचारलं.

“लेव्हल वन. ऑल गुड,” तो म्हणाला.

मला हवं होतं तेच तो बोलला. मी आत येऊन बसलो.

दहा मिनिटांनी मानसीचा आवाज आला. मानसी नागपूरची. सर्जापूर रोडवर राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे. सगळ्यांत शिस्तीची पायलट.

“काका, माझ्याखाली मोठं मोकळं शेत आहे. उतरू की पुढे जाऊ? टास्क चालू आहे ना?”

उतरायचं की नाही हे पायलटने ठरवायचं असतं. पण तिने विचारलं होतं, आणि मी “बघून ठरव” एवढं तरी म्हणू शकलो असतो.

“चालू आहे,” मी म्हणालो.

ती पुढे गेली. आणखी पंधरा मिनिटांनी जयदीप ओरडला, “लेव्हल थ्री! स्टॉप इट!” मी त्याच सेकंदाला टास्क थांबवला. जयदीपवर विश्वास ठेवायला मला एक सेकंद लागला. सतीशवर ठेवायला पंचवीस मिनिटं पुरली नाहीत.

मोठ्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि पाऊस यायच्या कितीतरी आधी जमिनीलगत धावत सुटते. जयदीप उंचावर होता, वाऱ्याबरोबर निसटला. सतीश केव्हाच उतरून ग्लायडर बांधून बसला होता. मानसीची उंची मात्र कमी झाली होती. तिच्याखाली आता द्राक्षमळे, दगड आणि विजेच्या तारा. तारा तिने चुकवल्या. उतरताना वारा फिरला आणि ग्लायडर उलटा आपटला.

उतरलेल्या पायलटांना आणणाऱ्या जीपचा ड्रायव्हर तिच्यापर्यंत पहिला पोचला. त्याचा फोन आला. “अक्का माताडतारे सर, कालु अल्लाडता इल्ला.”

अक्का बोलतायत, पाय हलत नाहीत.

तिच्या मणक्याचं ऑपरेशन हेब्बाळच्या हॉस्पिटलात झालं. पाय आजही हलत नाहीत. थांबवेपर्यंतचं अंतर धरून त्या दिवसाचे गुण लागले. दिवस वैध ठरला, जयदीप जिंकला. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. कोणताच नियम मी मोडला नव्हता.

मी भेटायला गेलो. तीच आधी बोलली.

“ढग मलाही दिसत होता, काका. भीतीही वाटत होती. पण तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की मला वाटलं, मीच घाबरट आहे.”

अजून मी स्पर्धा चालवतो. थ्री ऐकू आलं की कोण बोललं ते विचारत नाही, टास्क थांबवतो. बहुतेक वेळा आकाश नंतर लख्ख होतं आणि पायलट मला तोंडावर घाबरट म्हणतात. म्हणोत. ते आपल्या पायांनी चालत येऊन म्हणतात.